‘ट्रेकच्या वाटेवर हिमस्खलन होत नाही’ हा निरोप पुढे पाठवण्यापूर्वी

डिसेंबर जवळ आला की ट्रेकच्या ग्रुपांवर एक निरोप पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण गाभा तोच असतो. तो असा:

‘हिमालयातल्या हिवाळी ट्रेकला घाबरू नका. हिमस्खलन मोठ्या शिखरांवर होतं, ट्रेकच्या वाटेवर नाही. आरडाओरडा करू नका, आवाजाने बर्फ सुटतो. बर्फ पडून गेल्यावर लख्ख ऊन आलं की निर्धास्त निघा. मळलेल्या वाटेवर, लोकल गाइडच्या मागे चाला. वारा असेल तर धार सोडून नाळेतून चढा. तंबू सपाटीवर असेल तर काळजी नाही. आणि अडकलातच तर पोहल्यासारखे हात मारा. बर्फाखाली माणूस दिवस दिवस जगतो, सियाचीनचा जवान आठवा.’

यंदा मला तो तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक पाठवणारा माझा जुना सोबती. पंधरा वर्षं आम्ही घाटवाटा एकत्र उतरलोय, आणि त्याचा हेतू चांगला आहे हे मला ठाऊक आहे. नव्या पोरांनी बातम्या वाचून हिमालयाचा धसका घेऊ नये, एवढंच त्याला हवंय. ते मलाही हवंय. पण या निरोपातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि दोन ओळी तर माणसाला नेमक्या नको त्या जागी नेऊन उभ्या करतात. म्हणून एकेक ओळ घेऊन लिहितो.

आधी मोठ्या शिखरांची ओळ. तिच्यात एक खरा अंश आहे. बर्फातला प्रत्येक ट्रेक धोक्याचा नसतो. देवदार-बांजच्या दाट जंगलातली वाट, पसरट बुग्याल म्हणजे डोंगरावरची गवताळ कुरणं, रुंद आणि कमी चढाची धार म्हणजे डोंगराचा कणा, अशा ठिकाणी हिमस्खलनाची भीती फार कमी असते, आणि अनेक लोकप्रिय हिवाळी ट्रेकांचा मोठा भाग अशाच जागांवरून जातो. मात्र तिथली सुरक्षितता शिखराच्या उंचीवरून ठरत नाही. ती उतारावरून ठरते.

माणसांचा जीव घेणारी बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. याहून खूप उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचत नाही, थोडा थोडा झडत राहतो. याहून सपाट जागी तो सहसा घसरत नाही. आता ३० अंश म्हणजे किती? आपल्या इमारतीचा जिना आठवा. सहा-सात इंच उंचीची आणि दहा इंच रुंदीची पायरी धरली तर तो चढ ३१ ते ३५ अंशांचा होतो. म्हणजे आपण रोज दूध आणायला ज्या उतारावरून खाली जातो, तेवढाच उतार. अलंग-मदन-कुलंगसारखे सह्याद्रीतले अवघड किल्ले केलेल्या माणसाला जिन्याइतका चढ हा चढ वाटतच नाही. तो बर्फात ‘सोप्या वाटेने’ निघतो आणि ती सोपी वाट बरोबर त्या पट्ट्यात बसते. मोबाइलमध्ये कोन मोजायची सोय असते. काठी उतारावर आडवी टाकायची, तिच्यावर फोन ठेवायचा, दहा सेकंदांचं काम. पण आपण उभे आहोत तेवढाच उतार मोजून भागत नाही, आपल्या डोक्यावर काय लटकलंय तेही बघावं लागतं.

हिमस्खलनाचं आपल्या मनातलं चित्रही बदलायला हवं. दूर कुठेतरी शिखरावरून पांढरा लोट निघतो आणि खाली नशीब फुटकं असलेली माणसं सापडतात, असं आपण समजतो. तसंही घडतं. पण युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अनेक वर्षांच्या नोंदी सांगतात, की डोंगरात हौसेने गेलेल्यांच्या प्राणघातक अपघातांपैकी सुमारे नव्वद टक्के वेळा बर्फ सोडवणारा माणूस अडकलेल्यांपैकीच एक असतो, किंवा त्याच्या गटातला. वरचा बर्फ वाऱ्याने, स्वतःच्या वजनाने घट्ट होऊन त्याची लादी झालेली असते. तिच्या खाली एक कच्चा थर असतो. माणसाचं वजन त्या कच्च्या थरापर्यंत पोचलं की तो ढासळतो, ती ढासळ आडवी पसरत जाते, आणि आपल्या वरच्या बाजूला भेग पडून अख्खी लादी आपल्यासकट निघते. म्हणजे हा बहुतेक वेळा निर्णयाचा अपघात असतो. मला यात भीतीपेक्षा दिलासा दिसतो, कारण निर्णय बदलता येतो.

आणि ट्रेकची वाट सोडाच, गाडीचा रस्तासुद्धा यातून सुटलेला नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नथू ला खिंडीकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर पंधराव्या मैलाजवळ भरदुपारी हिमस्खलन झालं. सात जण गेले. ते काही शिखर चढायला निघाले नव्हते. जीपने जाऊन बर्फ बघायला उतरलेले पर्यटक होते, आणि परवानगी तेराव्या मैलापर्यंतचीच होती असं तिथल्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं. आपल्याकडून दर उन्हाळ्यात किती कुटुंबं त्या रस्त्याने जातात!

आवाजाची ओळ लवकर संपवतो, कारण ती निव्वळ सिनेमातली आहे. स्वित्झर्लंडमधल्या डावोसच्या हिम संशोधन संस्थेतल्या बेंजामिन रॉयटर आणि युर्ग श्वायझर यांनी २००९ मध्ये हा प्रश्न आकडे मांडून तपासला. माणसाच्या ओरडण्याने हवेत जो दाब तयार होतो तो लादी सुटायला लागणाऱ्या दाबापेक्षा किमान शंभरपट कमी पडतो. आता यात नुकसान काय, गप्प चालले तर चालले, असं कुणी म्हणेल. नुकसान आहे. एकेकाने अंतर ठेवून उतार ओलांडताना पलीकडच्याला हाक मारून सांगावं लागतं, ‘मी पोचलो, आता तू ये.’ भेग दिसली तर ओरडावं लागतं. कुणी वाहून जाताना दिसला तर तो शेवटचा कुठे दिसला ते सगळ्यांना ओरडून दाखवावं लागतं. आवाजाला घाबरून कुजबुजणारा गट तिथे मुका होतो.

‘बर्फ पडून गेल्यावर लख्ख ऊन आलं की निर्धास्त निघा.’ या ओळीवर मला सर्वांत जास्त वेळ घालवायचा आहे, कारण ती सर्वांत खरी वाटते आणि तिच्यातच सर्वांत जास्त घात आहे.

सह्याद्रीत हा नियम चालतो. पाऊस थांबला, ऊन पडलं, कातळ सुकला की वाट सुरक्षित. बर्फात हिशेब उलटा. पडून गेलेला बर्फ निघून जात नाही, तो वाटेच्या वरच साठून बसतो. जुन्या थरावर एका रात्रीत नवं ओझं आलेलं असतं आणि ते अजून नीट धरलेलं नसतं. म्हणून मोठी बर्फवृष्टी चालू असताना आणि ती थांबल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास हा सर्वांत नाजूक काळ. नेमक्या त्याच वेळी आकाश निळंशार असतं, झाडांवर बर्फ लगडलेला असतो, आणि दोन दिवस तंबूत बसून कंटाळलेला गट बूट घालून तयार असतो.

त्यात वाऱ्याची भर. आभाळातून एक फूट बर्फ पडला असेल, पण वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला नेऊन रचतो. तिथे तीन-चार फूट साठतो, तोही घट्ट लादीच्या रूपात. धारेच्या कडेला बर्फाची जी सुंदर झालर लोंबते ती या साठवणीचीच खूण. म्हणून ‘काल किती बर्फ पडला’ या प्रश्नाला ‘आणि वारा कुठून होता’ ही जोड हवीच.

मग ऊन. सकाळी कडक असलेला बर्फ दुपारपर्यंत पाणी धरतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि ओला, जड बर्फ चालता होतो. नथू लाची वेळ आठवा, एप्रिल महिना आणि दुपारचे बारा वाजून गेलेले. उन्हाच्या उतारांवरून गोळे घरंगळायला लागले, पाय ढोपरापर्यंत रुतायला लागले, की त्या उतारावरचा आपला वेळ संपला. पहाटे दोन-तीनला उठवून चालायला लावणाऱ्या लीडरवर चिडू नका. तो सूर्योदयाच्या फोटोपेक्षा दुपारी बाराच्या बर्फाचा विचार करत असतो.

‘थंडी असेल तर बर्फ घट्ट, मग काळजी नको’ असंही या ओळीला जोडून सांगितलं जातं. तेही सरसकट खरं नाही. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास असतं. बर्फ फूट-दीड फूटच असेल आणि रात्री पृष्ठभाग उणे पंधरापर्यंत गेला, तर एवढ्याशा जाडीत तापमानाचा मोठा फरक पडतो. मग खालची वाफ वर सरकत राहते आणि तळाच्या बर्फाचे सुटे, टोकदार स्फटिक होतात. मुठीत घेतले तर भरड साखरेसारखे निसटतात, त्यांचा गोळा होत नाही. डिसेंबरमधल्या कोरड्या, थंड, स्वच्छ पंधरवड्यात हे काम गुपचूप चालतं. मग जानेवारीत मोठी बर्फवृष्टी येते आणि या साखरेवर लादी बसते. जमिनीवर मोहरी सांडून तिच्यावर पाट ठेवावा तसं. हा कच्चा थर काही वेळा आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, आणि वर उभं राहून तो दिसत नाही. पण तो बोलतो. पाय टाकल्यावर खालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला आणि आसपासचा बर्फ किंचित खाली बसल्यासारखा झाला, किंवा पायापासून भेग पळत गेली, तर तो थर ढासळल्याचा पुरावा मिळाला. तिथून पुढे उताराकडे एक पाऊलही नको, आल्या वाटेने मागे फिरायचं. शेजारच्या तशाच तोंडाच्या उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं दिसणं ही याहूनही स्पष्ट खूण. लोक त्याचेही फोटो काढून पुढे जातात, याचं वाईट वाटतं.

इथे ऑक्टोबरबद्दलही सांगायला हवं, कारण दिवाळीच्या सुट्टीत आपण मोठ्या संख्येने जातो आणि तो महिना ‘निळ्या आकाशाचा’ म्हणून विकला जातो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. समुद्रावरचं वादळ, त्याचं हिमालयाशी काय? पण त्याचा उरलेला ओलावा नेपाळपर्यंत गेला आणि १४ तारखेला अन्नपूर्णा प्रदक्षिणेच्या वाटेवर, ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात प्रचंड बर्फ कोसळला. हिमवादळात आणि हिमस्खलनांत मिळून ४३ माणसं गेली. ती वाट ट्रेकचीच होती, दरवर्षी हजारो जण चालतात ती.

आणि ४ ऑक्टोबर २०२२. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखरावर होती. सकाळी लादी सुटली आणि अनेकांना खालच्या हिमभेगेत घेऊन गेली. २७ मृतदेह काही दिवसांत मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरं चढली होती. भारतातल्या या क्षेत्रातल्या जाणत्या माणसांत त्यांची गणना व्हावी. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. ‘आम्ही अनुभवी आहोत’ हे वाक्य बर्फासमोर किती पुरतं, ते समजायला मला ही एक तारीख पुरेशी वाटते.

तिथूनच पुढची ओळ येते: ‘मळलेल्या वाटेवर, लोकल गाइडच्या मागे चाला.’

पावलांचे ठसे एवढंच सांगतात, की कुणीतरी पुढे गेलं. त्या वेळी बर्फ किती घट्ट होता, ऊन किती होतं, ते सांगत नाहीत. लादीची जाडी सगळीकडे सारखी नसते. नऊ जण जाड भागावरून गेले तर त्यांचं वजन कच्च्या थरापर्यंत पोचत नाही. दहावा फोटोसाठी चार पावलं बाजूला, दगडाजवळच्या पातळ भागावर जातो आणि तिथून ढासळ सुरू होऊन नऊही जणांच्या पायाखालचं निघतं. अमेरिकेतले इयन मॅकॅमन यांनी तिथल्या सातशेहून अधिक हिमस्खलन-अपघातांची छाननी केली, तेव्हा धोक्याच्या खूणा समोर दिसत असतानाही माणसं पुढे का गेली याची कारणं त्यांना वारंवार तीच सापडली. वाट ओळखीची होती. आधी कुणी गेलेलं होतं. ठरवून आलो होतो. बरोबर जाणता माणूस होता. आपल्या ग्रुपमधली संभाषणं आठवून बघा, शब्दसुद्धा हेच असतात.

लोकल गाइडबद्दल मला मनापासून आदर आहे. सांकरीच्या, कसोलच्या, मुन्स्यारीच्या पोरांनी मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या पुस्तकाने नाही. पण त्यांच्यावर आपण काय लादतो ते बघा. पंचवीस जणांचा गट, सगळ्यांची परतीची आगगाडीची तिकिटं काढलेली, एकच ‘समिट डे’, आणि शिखर झालं नाही तर पैसे वाया गेल्याची कुरकुर. मोसमात अशा गटांवर त्याचं घर चालतं. तो ‘आज नको’ म्हणाला तर ऐकून घेणारा गट त्याला मिळतो का? १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गजवळ अफरवाटच्या उतारावर स्कीइंग करणारा गट हिमस्खलनात सापडला. १९ परदेशी वाचले, पोलंडचे दोघे गेले. त्या गटासोबत स्थानिक गाइड होतेच. गाइड असणं चांगलंच, पण गाइड आहे म्हणून प्रश्न विचारणं सोडून देणं वाईट. त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आपण निघण्याआधीच, सगळ्यांसमोर दिली पाहिजे.

आता नाळ. ‘वारा असेल तर धार सोडून नाळेतून चढा.’ हे कुणा सह्याद्रीतल्या माणसानेच लिहिलं असणार, कारण आपल्या हाडीमासी ही सवय मुरलेली आहे. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्याला नाळ म्हणजे डोंगराने स्वतः करून दिलेली वाट वाटते. दोन्ही बाजूंनी कातळाचा आधार, वाऱ्यापासून आडोसा, चुकायची भीती नाही. वरून दगड तेवढा सांभाळायचा. मलाही पहिल्यांदा बर्फात तसंच वाटलं होतं. गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला असताना एका सकाळी मी आपसूकच अरुंद घळीकडे वळलो. वारा बोचत होता आणि घळीत शांत होतं. प्रशिक्षकांनी नुसतं पाठीवरच्या सॅकला धरून मागे ओढलं आणि वर बोट दाखवलं. घळीच्या डोक्यावर दोन्ही बाजूंचे उतार नरसाळ्यासारखे येऊन मिळत होते. एवढ्या मोठ्या उतारावरचं जे काही सुटेल ते या अरुंद तोंडातून खाली येणार होतं, आणि तिथे मी उभा राहणार होतो.

हिमस्खलन पसरट उतारावर पसरतं, तिथे बर्फाची जाडी कमी राहते. घळीत तेच एकावर एक साठतं. थोडा बर्फ उघड्या मैदानावर आला तर माणूस कदाचित वर तरंगेल, घळीत तोच त्याला पुरून टाकेल. वारा आडोशाला जो बर्फ रचतो तोही बहुधा याच घळींत आणि त्यांच्या डोक्यावर. म्हणजे आपल्याला जिथे वारा लागत नाही, तिथेच त्याने सगळा माल आणून टाकलेला असतो. म्हणून बर्फात शक्य तिथे धारेनेच चालायचं, वारा खायचा, झालरीच्या कडेपासून बरंच आत राहायचं. घळ ओलांडावीच लागली तर एकेकाने, न थांबता. तिथे पाणी प्यायला, कुणाची वाट बघायला, बिस्किटं वाटायला थांबायचं नाही. द्रौपदी का डांडावर हिमभेगेने जे केलं तेच घळ करते, लहानशा घटनेलाही खोल करून ठेवते.

सपाटीवरच्या तंबूची ओळ वाचताना मला २००५ सालचं कांग गुरू आठवलं. २० ऑक्टोबरला नेपाळमधल्या या शिखराच्या तळावर बर्फवृष्टीमुळे माणसं तंबूंतच होती. वरून आलेल्या हिमस्खलनाने तळच उचलून नेला. सात फ्रेंच गिर्यारोहक आणि अकरा नेपाळी सहकारी, अठरा जण गेले. कुणी चढाई करत नव्हतं. जागा सपाट असली तरी वरचा उतार सपाट नव्हता. हिमस्खलन दरीच्या तळापर्यंत येतं, कधी समोरच्या बाजूला थोडं चढतंसुद्धा. तंबू कुठे टाकायचा हे ठरवताना जुन्या खुणा वाचता येतात: एका पट्ट्यातच झाडं नाहीत किंवा सगळी एकाच दिशेला मोडलीत, वरच्या बाजूच्या फांद्या झडल्यात, उन्हाळ्यातही तिथे मळकट, दगडमातीचा बर्फाचा ढीग टिकून राहतो. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते कुठल्या नाल्यातून कधी काय आलं होतं ते सांगतात. हा प्रश्न मात्र जरूर विचारा, आणि म्हाताऱ्यांनाच विचारा.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांचा तळ असाच गाडला गेला. ५४ कामगार अडकले, त्यांतले ४६ वाचले आणि आठ गेले. इतके जण वाचले याचं मोठं श्रेय लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या जवळच असलेल्या जवानांना, आणि दुसरं श्रेय लोखंडी कंटेनरना. अनेक जण त्यांत होते, त्यामुळे त्यांना श्वास घ्यायला हवा उरली. ट्रेकच्या तंबूत कापडाची एक भिंत असते. आणखी एक गोष्ट: आदल्याच दिवशी चंडीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेने चमोलीसह उत्तराखंडच्या उंचावरच्या भागासाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. १९६९ पासून मनालीत काम करणारी जुनी हिम व हिमस्खलन संस्था २०२० मध्ये याच संस्थेत विलीन झाली. इशारे निघतात, बातम्यांतही येतात. आपण हवामानाचं ॲप दिवसातून दहा वेळा उघडतो, हा इशारा मात्र ट्रेकच्या आयोजकालाही विचारत नाही. धोक्याच्या पाच पातळ्यांच्या मापात (पाच म्हणजे सर्वांत जास्त) ‘तीन’ दिसलं की मधलं आहे म्हणून सोडूनही देऊ नका. ज्या देशांत अशा नोंदी नीट ठेवल्या जातात तिथे सर्वाधिक बळी याच पातळीच्या दिवशी जातात, कारण पाचला लोक घरी बसतात आणि तीनला निघतात.

शेवटची ओळ सर्वांत क्रूर आहे, जरी लिहिणाऱ्याला तसं म्हणायचं नसेल. ‘बर्फाखाली माणूस दिवस दिवस जगतो.’

लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद. धारवाड जिल्ह्यातले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवर सुमारे १९,६०० फुटांवरच्या चौकीवर बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. सहाव्या दिवशी हणमंतप्पा जिवंत सापडले. देशभर लोकांनी प्रार्थना केल्या. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. बाकीचे नऊही जण वाचले नाहीत. हणमंतप्पांच्या तंबूत हवेची पोकळी राहिली होती म्हणून इतके दिवस श्वास चालला. ही गोष्ट त्यांच्या आणि त्यांना शोधणाऱ्या जवानांच्या चिकाटीची आहे. तिचा वापर ट्रेकला निघालेल्या पोरांना ‘वेळ भरपूर असतो’ असं सांगायला करू नये, हात जोडून विनंती.

कारण वेळ नसतो. स्वित्झर्लंडमधल्या चाळीस वर्षांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये नव्याने मांडलेला हिशेब असा: पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ वाचतात. त्यानंतर ही शक्यता झपाट्याने घसरते, आणि तीस मिनिटांपर्यंत दहातले जेमतेम तीन वाचतात. बहुतेक जण थंडीने मरत नाहीत, गुदमरतात. काही जण वाहून जाताना झाडाखडकांवर आपटून आधीच गेलेले असतात. थांबलेलं हिमस्खलन मऊ कापूस नसतो. हलतानाच्या घर्षणाने आणि दाबाने तो थांबताक्षणी असा आवळतो की बोटसुद्धा हलत नाही. पोहल्यासारखे हात मारायचा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण एकदा थांबल्यावर हात मारता येत नाहीत. वाहत असताना कडेला निसटायची धडपड करावीच. वेग मंदावतोय असं वाटताक्षणी मात्र हात तोंडापुढे आणून श्वासापुरती जागा करायची. हे सगळं जमेलच याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येत नाही. अनेक ठिकाणी मोबाइलची रेंज नाही आणि उपग्रह फोन आपल्या देशात परवानगीशिवाय वापरता येत नाही. म्हणजे वाचवणारे फक्त तिथे उभे असलेले सोबती. त्यांच्याकडे काय लागतं? प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारं आणि पकडणारं बीकन, जुळवून लांब करता येणारी शोधकाठी, आणि धातूचं फावडं. तिन्ही, प्रत्येकाकडे. एक मीटर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर किंवा त्याहून जास्त बर्फ उपसावा लागतो. तो हातांनी, ताटलीने उपसून बघा, मग फावड्याचं वजन सॅकमध्ये जड वाटणार नाही. आणि या तीन वस्तू नुसत्या असून उपयोग नाही. सिंहगडाच्या पायथ्याशी सुद्धा एक बीकन पिशवीत घालून गवतात लपवायचं आणि बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचं, असा सराव करता येतो. बर्फ लागतोच असं नाही. आमचा पहिला शोध अठरा मिनिटांचा होता. ती मैत्रीण गवतात खरंच असती तर वाचण्याची शक्यता फारच कमी होती, हे आम्हाला त्या दुपारी झाडाखाली बसून कळलं आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

माझ्या सोबत्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, मग पोरांना नेऊच नको का? ने की. त्याचा गट २६ जानेवारीच्या सुट्टीला धरून जाणार आहे, अकरा जण, त्यांतले सात पहिल्यांदाच बर्फात. मी त्याला आयोजकाला विचारायला तीन प्रश्न दिले. शिखराच्या दिवशीचा सर्वांत उभा उतार किती अंशांचा आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला? बीकन, शोधकाठी, फावडं किती जणांकडे असेल? आणि २४ तारखेला मोठा बर्फ पडला तर दोन दिवस खाली थांबायला वेळापत्रकात जागा आहे का, परतीची तिकिटं त्या हिशेबाने काढली आहेत का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं आहे, ‘सोपा आहे, काळजी करू नका’ एवढंच. अंशांत सांगा म्हणून त्याने पुन्हा विचारलं आहे. तिकिटं बदलायची मुदत रविवारपर्यंत आहे.